रियुनियनआधीचं अवघड काम: दिवंगत वर्गमित्रांची खात्रीची यादी, त्यांच्या घरच्यांशी बोलणं आणि बॅचचा संपर्क

रियुनियनच्या तयारीत हॉल, टी-शर्ट आणि गाण्यांच्या यादीवर महिनोन्‌महिने चर्चा चालते. 'दिवंगत वर्गमित्रांना श्रद्धांजली' ही ओळ मात्र कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या आठवड्यात घुसते. मग कुणीतरी ग्रुपवर विचारतं, "आपल्यातले कोण कोण गेले रे?" तासाभरात पंधरा-वीस नावं जमतात आणि तीच यादी फ्लेक्सवर जाते. अशा यादीत एखादा हयात माणूस असतो, गेलेली एखादी मैत्रीण सुटलेली असते, आणि कुणाला तरी आपला जिवलग मित्र गेल्याचं त्या ग्रुपवरच पहिल्यांदा कळतं.

यातल्या बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळे होतात. बरोबर क्रम असा: आधी पूर्ण बॅचची यादी, मग शोध, मग पडताळणी, मग कुटुंब आणि सगळ्यात शेवटी बॅचला कळवणं. शंभर-सव्वाशे जणांच्या वर्गासाठी हाताशी आठ-नऊ महिने हवेत. तीनच महिने असतील तर स्मरणिका आणि व्हिडिओ सोडून द्या. पडताळणी आणि घरच्यांशी बोलणं ही दोन कामं कुठल्याही परिस्थितीत गाळू नका.

१. तीन माणसं नेमा, दहा नकोत

या कामाला मोठी समिती लागत नाही. एक जण नोंदी ठेवणारा, एक फोन करणारा आणि एक मजकूर व फोटो सांभाळणारा. फोन करणारा आवाजाने शांत आणि समोरच्याचं ऐकून घेणारा असावा. वर्गात सगळ्यात लोकप्रिय असलेला माणूस या कामाला चालेलच असं नाही, कारण तो स्वतःच खूप बोलतो. शक्य असेल तर फोनसाठी एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी ठेवा. काही घरांत अनोळखी पुरुषाच्या फोनवर कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

तिघांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवायची: कच्ची यादी या तिघांबाहेर जाणार नाही. स्क्रीनशॉटही नाही. "फक्त तुला दाखवतो" म्हणून पाठवलेली कच्ची यादी संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर फिरते, आणि ती परत घेता येत नाही.

२. आधी पूर्ण वर्ग कागदावर आणा

गेलेल्यांची यादी आठवणीतून करायची नसते. ती पूर्ण वर्गाच्या यादीतून एकेक नाव तपासत खाली उतरते. आठवणीतून केली की पुढच्या बाकांवरचे, वसतिगृहातले आणि गॅदरिंगमध्ये चमकणारे आठवतात. रोज गाडी पकडून घरी जाणारा, फारसं न बोलणारा मुलगा सुटतो. यादीतून सुटतात ती बहुतेक अशीच माणसं.

पूर्ण यादी कुठून मिळेल? विभागाचा हजेरीपट, प्रवेशाची नोंदवही, परीक्षेच्या निकालाचं पत्रक, पदवीप्रदान समारंभाची पुस्तिका, विभागाचं वार्षिक, प्रयोगशाळेच्या बॅचची यादी आणि मागे नावं छापलेला वर्गाचा फोटो. यांतली किमान दोन साधनं एकमेकांशी ताडून बघा. निकालपत्रकात नापास झालेले किंवा परीक्षेला न बसलेले नसतील, फोटोत त्या दिवशी गैरहजर असलेले नसतील. एकाच कागदावर विसंबलं की ठरावीक प्रकारची माणसं गळतात. विद्यापीठ किंवा विभागाकडे कागद मागताना फक्त नावं आणि हजेरी क्रमांक मागा. पत्ते आणि गुण मागितले की विनंती अडकते, आणि ते अडवतात हे बरोबरच आहे.

मग 'वर्गातला' कोण, हे एकदाच लिहून ठरवा. मध्येच सोडून गेलेले, वर्ष गेल्यामुळे मागच्या बॅचमध्ये गेलेले, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, शाखा बदललेले असे सगळे इथे येतात. आमचा सल्ला सैल नियमाचा: जो एक सत्रभर तरी वर्गात बसला तो आपला. कडक नियम लावला की पहिल्याच वर्षी अपघातात गेलेला मुलगा 'पदवीधर नाही' म्हणून यादीबाहेर राहतो, आणि त्याच्या खोलीत राहिलेल्यांना ते कधीच पटत नाही.

तक्त्यात हे रकाने पुरतात: हजेरी क्रमांक, तेव्हाचं पूर्ण नाव, आत्ताचं नाव किंवा आडनाव, टोपणनाव, मूळ गाव, फोन, ईमेल, स्थिती, माहिती कुणी दिली, कोणत्या तारखेला दिली, शेरा. 'माहिती कुणी दिली' हा रकाना बहुतेकजण ठेवत नाहीत. पुढे पडताळणी त्याच रकान्यावर उभी राहते.

तपासा: तक्त्यातली एकूण संख्या हजेरीपटाशी जुळते का? जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

३. प्रत्येक नावापुढे एक स्थिती

'आहे' आणि 'गेला' असे दोनच खाने ठेवले की 'संपर्क नाही' असलेली माणसं हळूहळू दुसऱ्या खान्यात सरकतात. त्यामुळे सहा स्थिती ठेवा:

संपर्कात – स्वतः उत्तर दिलं आहे.
निरोप पोचला – नंबर किंवा पत्ता चालू आहे, पण उत्तर नाही.
शोध चालू – काहीच धागा नाही.
संपर्क नको – त्यांनी स्वतः तसं कळवलं आहे.
ऐकीव – गेल्याचं कुणीतरी सांगितलं आहे, खात्री नाही.
दिवंगत – पडताळणी पूर्ण.

'ऐकीव'वरून 'दिवंगत'मध्ये नाव हलवण्याचा अधिकार तिघांपैकी एकालाच द्या, आणि हलवताना बाकी दोघांनी आधार बघून होकार द्यायचा. 'संपर्क नको'वाल्यांना पुन्हा फोन करायचा नाही. "मी समजावतो त्याला" असं म्हणणारा उत्साही मित्र प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला हा नंबर देऊ नका.

४. शोध: प्रत्येकाकडून तीन नावं

"सगळ्यांचे नंबर पाठवा" असा सार्वजनिक निरोप टाकला की तेच चाळीस नंबर पुन्हा येतात. त्याऐवजी संपर्कात असलेल्या प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि 'शोध चालू'मधली तीन ठरावीक नावं विचारा. ती नावं त्याच्या जवळची निवडा: त्याच्या हजेरी क्रमांकाच्या मागचे-पुढचे, प्रयोगशाळेतला जोडीदार, खोलीतला सोबती, एकाच गाडीने येणारे. प्रयोगाच्या बॅच बऱ्याचदा हजेरी क्रमांकाने पडतात, त्यामुळे शेजारचे क्रमांक एकमेकांना लक्षात राहिलेले असतात.

इंटरनेटवर शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. एकच मराठी आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी जुन्या नावाने सापडत नाहीत. त्यांच्यासाठी भावाचं नाव किंवा मूळ गाव जास्त कामाचं. लिंक्डइनवर विद्यापीठ आणि पदवीचं वर्ष टाकून शोधलं तर नाव बदललेली माणसंही हाती लागतात.

जुना नंबर बंद लागला किंवा व्हॉट्सॲपवर फोटो दिसेनासा झाला, यावरून काहीही ठरवू नका. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसेल तर ते काढून टाकलं जातं. परदेशी गेलेला, फोन बदललेला किंवा कंटाळून बाहेर पडलेला माणूसही तसाच गायब होतो. उलटही घडतं: बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो. पलीकडचा माणूस "इथे असं कुणी नाही" म्हणाला, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा.

सावधान: शोधासाठीच्या फोनवर "ते आहेत ना अजून?" असं कधीही विचारू नका. "त्यांच्याशी बोलायचं होतं, मी त्यांच्या वर्गातला," एवढं म्हणा आणि थांबा. माणूस हयात नसेल तर पलीकडून आपसूक सांगितलं जातं.

५. पडताळणी: दोन आधार, आणि तेही सुटे

घाईत सगळ्यात आधी उडते ती हीच पायरी. नियम सोपा आहे: जवळच्या नातेवाइकाने स्वतः सांगितलं असेल तर तो एक आधार पुरेसा. तसं नसेल तर दोन आधार हवेत, आणि त्या दोघांना ती माहिती वेगवेगळ्या वाटेने कळलेली हवी.

गफलत 'वेगवेगळ्या वाटेने' इथेच होते. चार जण सांगतात म्हणून बातमी पक्की वाटते, पण चौघांनी ती एकाच ग्रुपवर वाचलेली असते. तिथे आधार एकच आहे, आणि तोही कच्चा. म्हणून सांगणाऱ्याला लगेच विचारा: "तुला कुणाकडून कळलं? कधी?" मग त्या माणसाला फोन करा. साखळी मागे मागे नेत गेलं की ती एकतर अंत्यविधीला हजर असलेल्या कुणापाशी पोचते, नाहीतर "तसं काहीतरी ऐकलं होतं बाबा"पाशी विरून जाते. दुसरं झालं तर नाव 'ऐकीव'मध्येच ठेवायचं, मग सांगणारे कितीही असोत.

तक्त्यातली पक्की नोंद अशी दिसते: "स्थिती: दिवंगत. आधार १: धाकटा भाऊ, फोनवर, ४ मार्च. आधार २: लागत नाही. वर्ष: भावाने सांगितलेलं." आणि कच्ची नोंद अशी: "स्थिती: ऐकीव. वर्गातल्या दोघांनी सांगितलं, दोघांनाही तिसऱ्याकडून कळलं, तिसऱ्याला फोन करायचा आहे."

कोणता आधार किती धरायचा याचा अंदाज असा. वर्तमानपत्रातली निधनवार्ता चांगली, पण वय आणि नातेवाइकांची नावं जुळायला हवीत. एकाच नावाची दोन माणसं असतात, आणि कधीकधी बातमी वडिलांची असते, फिरते मुलाच्या नावाने. नोकरीच्या ठिकाणच्या सहकाऱ्याने सांगितलेलं साधारण विश्वासार्ह. फेसबुकवर नावासोबत 'रिमेंबरिंग' दिसत असेल तर तो इशारा समजा, पुरावा नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये फेसबुकच्या तांत्रिक चुकीमुळे हयात असलेल्या असंख्य लोकांच्या पानांवर असा स्मरणाचा मजकूर झळकला होता, आणि त्यात खुद्द मार्क झुकेरबर्गचं पानही होतं. दुसरीकडे, घरच्यांनी काही कळवलं नसेल तर गेलेल्या माणसाचं खातं वर्षानुवर्षं चालू दिसतं, वाढदिवसाची आठवणसुद्धा येते. दोन्ही बाजूंनी फसायला होतं.

वर्गात एकाच नावाचे दोघे असतील तर दोघांची पडताळणी एकत्र करा. एकाशी प्रत्यक्ष बोलणं झाल्याशिवाय दुसऱ्याचं नाव यादीत घालायचं नाही.

वर्षाबद्दल लोकांची आठवण फार कच्ची असते. "दहाएक वर्षं झाली" म्हणजे सातही असू शकतात आणि चौदाही. घरच्यांकडून वर्ष मिळालं तरच छापा, नाहीतर नुसतं नाव ठेवा. वर्ष नसलेलं नाव कुणाला खटकत नाही. चुकीचं वर्ष घरच्यांना खटकतं.

तपासा: 'दिवंगत'मधल्या प्रत्येक नावापुढे 'माहिती कुणी दिली' आणि तारीख आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर ते नाव परत 'ऐकीव'मध्ये.

६. कुटुंबाशी बोलणं

बॅचला कळवण्याआधी घरच्यांना कळायला हवं की त्यांच्या माणसाचं नाव आपण घेणार आहोत. परवानगीचा भाग आहेच. शिवाय नावाची बरोबर नोंद, चांगला फोटो आणि वर्ष हे तिथेच मिळतं.

बोलायचं कुणाशी? आधी जोडीदार, मग सज्ञान मुलं, मग भावंडं. आई-वडील खूप वृद्ध असतील तर त्यांना थेट फोन करू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारून मगच. घरात दोन बाजू असतील, म्हणजे घटस्फोट झालेला, दुसरं लग्न झालेलं किंवा मालमत्तेवरून बोलणं बंद, तर मध्यस्थी करायला जाऊ नका. एकीने हो म्हटलं आणि दुसरीने नको, तर फक्त नाव घ्या, फोटो आणि मजकूर वगळा.

पहिला फोन करण्याआधी वर्गातला एखादा जवळचा मित्र त्या घरी येत-जात असेल तर तोच दुवा करा. नसेल तर आधी छोटा लेखी निरोप पाठवा, म्हणजे समोरच्याला सावरायला वेळ मिळतो:

"नमस्कार. मी अमुक, आपल्या यजमानांसोबत विद्यापीठात एकाच वर्गात होतो. आमच्या वर्गाचा स्नेहमेळावा होणार आहे आणि त्यात त्यांची आठवण आदराने घ्यावी असं आम्हाला वाटतं. त्याबद्दल पाच मिनिटं आपल्याशी बोलायचं आहे. आपल्याला सोयीचं असेल तेव्हा कळवा. बोलणं नको असेल तर तसंही कळवा, आम्हाला राग नाही."

निरोपात नाव, वर्ग आणि वर्षं स्पष्ट लिहा. मृत व्यक्तीच्या नावाने फसवणूक करणारे फोन येतात आणि घरचे सावध असतात. म्हणून याच बोलण्यात वर्गणी, देणगी, नावाचं पारितोषिक असा पैशाचा विषय काढायचा नाही. घरच्यांनी स्वतः काढला तर "नंतर सविस्तर बोलू" म्हणा आणि वेगळा दिवस ठरवा.

फोनवर विचारायचा क्रम:

पहिलं, नाव कसं लिहायचं: वर्गात होतं तसं की नंतरचं, मधलं नाव घालायचं की नाही, नावाआधी पदवी लावायची का.
दुसरं, वर्ष छापलेलं चालेल का.
तिसरं, फोटो देता येईल का आणि कोणता. घरच्यांना अलीकडचा आवडतो, वर्गाला तेव्हाचा ओळखू येतो. दोन्ही मागा.
चौथं, मेळाव्याला येणं जमेल का, की नुसता निरोप पाठवला तर बरं.
पाचवं, हे फक्त कार्यक्रमात दाखवायचं की छापील स्मरणिकेत आणि इंटरनेटवरही चालेल.

शेवटच्या प्रश्नाला एकगठ्ठा हो घेऊ नका. कार्यक्रमात चालेल, छापील चालेल आणि सर्वांना दिसणाऱ्या पानावर चालेल, हे तीन वेगळे होकार आहेत. ज्याचा होकार नाही तिथे ते जाणार नाही, हे तक्त्यात लगेच लिहून ठेवा.

काय विचारायचं नाही? मृत्यूचं कारण. घरच्यांनी सांगितलं तर ऐकून घ्या, पण ते तक्त्यात लिहू नका आणि इतर दोघांनाही सांगू नका. आत्महत्या, व्यसन, लांबलेलं आजारपण यांची कुजबुज वर्गात आधीच असते. त्या कुजबुजीची खातरजमा करणं हे आपलं काम नाही.

घर बोलायला तयार असेल तर सगळं उरकून घाईने फोन ठेवू नका. "त्यांच्याबद्दल तुम्हाला काय आठवतं?" असं बरेचदा समोरूनच विचारलं जातं. म्हणून फोन करण्याआधी वर्गातल्या कुणाकडून तरी एक खरा प्रसंग मिळवून जवळ ठेवा. त्याने कुणाचं सबमिशन रात्रभर बसून पूर्ण करून दिलं होतं, ती रेखाचित्रांच्या वहीत प्रत्येक कोपऱ्यात पक्षी काढायची, असं काहीतरी. "फार चांगले होते" एवढंच सांगितलं की पलीकडे शांतता पसरते. मुलांना तर आई किंवा बाबा विशी-बावीशीत कसे होते हे सांगणारं दुसरं कुणी फारसं नसतंच.

घरचे सापडलेच नाहीत तर? पडताळणी पक्की असेल तर नाव घ्या, तेवढंच. फोटो वर्गाच्या सामूहिक छायाचित्रातून घेता येईल, पण तो छापील कागदावर आणि पडद्यावरच ठेवा, इंटरनेटवर टाकू नका.

७. फोटो आणि मजकूर

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आला की दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर फुटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलने मागवा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केला तर तो ३०० डीपीआय छपाईत दुप्पट मोठा, म्हणजे ७ बाय ९ सेंटिमीटर, स्वच्छ येतो. वर्गाच्या सामूहिक फोटोत एकेक चेहरा पाच-सहा मिलिमीटरचा असतो. तो १२०० डीपीआयला स्कॅन केला तरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर रुंद छापता येतो. त्याहून ताणू नका, आणि चेहरे 'सुधारणारी' ॲप्स लावू नका. ती डोळे आणि दात मनाने भरतात, आणि घरच्यांना तो चेहरा परका वाटतो.

फ्रेममधला जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. मोबाइलनेच टिपायचा असेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर.

मजकूर प्रत्येकाला सारखा ठेवा: साठ ते ऐंशी शब्द, फोटो एकाच मापाचा, क्रम हजेरी क्रमांकाचा. मोठ्या पदावर पोचलेल्याला अर्धं पान आणि दुसऱ्याला दोन ओळी, असं झालं की घरच्यांच्या नजरेतून ते सुटत नाही. 'हरहुन्नरी', 'मनमिळाऊ', 'सदैव हसतमुख' हे शब्द काढून टाकून मजकूर वाचा. काही उरलं तर तो मजकूर, नाहीतर पुन्हा कुणाला तरी फोन करा. अंतिम मजकूर छपाईला जाण्याआधी घरच्यांना दाखवा आणि उत्तरासाठी सात दिवस द्या.

८. बॅचला कळवणं

आधी तक्त्यातून प्रत्येक दिवंगत व्यक्तीचे दोन-तीन जिवलग कोण ते काढा आणि ज्यांना कळलेलं नसेल त्यांना फोन करा. हा फोन ग्रुपवर बातमी जाण्याच्या किमान एक दिवस आधी. "तुला कळलं असेलच" अशी सुरुवात नको. कळलेलं नसतं म्हणूनच फोन करायचा आहे.

मग ग्रुपवर पूर्ण यादी एकाच निरोपात द्या. रोज एक नाव टाकलं तर महिनाभर ग्रुप शोकसभा होतो आणि पाचव्या दिवसापासून लोक वाचणं बंद करतात. निरोप टाकण्याआधी सेटिंग बदलून चोवीस तास फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं करा. नाहीतर हात जोडलेल्या चिन्हांच्या ऐंशी ओळींखाली मूळ यादी गाडली जाते आणि मध्येच कुणीतरी भलताच फॉरवर्ड टाकतो. निरोपात वेगळी ओळ हवी: "यात चूक किंवा सुटलेलं नाव असेल तर ग्रुपवर न लिहिता या नंबरवर कळवा." नव्याने कळवलेलं प्रत्येक नाव पायरी ५पासून जाईल, सांगणारा कितीही ठाम असला तरी.

दिवंगत सदस्याचा नंबर ग्रुपवर अजून असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका. बऱ्याच घरांत तो फोन पत्नीकडे किंवा मुलाकडे चालू असतो. 'अमुक यांना काढून टाकलं' ही ओळ त्यांनाही दिसते. आणि तो फोन घरी वाचला जातोय याचं भान ठेवूनच ग्रुपवर लिहा.

सावधान: मेळाव्याच्या नोंदणीचे आणि वर्गणीचे निरोप जुन्या यादीवरून जात असतील तर ती यादी आजच बदला. गेलेल्या माणसाच्या नावाने घरी "तुमची फी बाकी आहे" असा तिसरा निरोप जाणं फार वाईट, आणि ते सर्रास होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप पाठवणारा तक्ता असेल तर तोही त्याच वेळी तपासा.

९. बाकीच्यांना धरून ठेवणं

एकाच ग्रुपवर भिस्त ठेवली की त्या ग्रुपवर भांडण झालं त्या दिवशी बॅच तुटते. म्हणून दोन वाटा ठेवा. गप्पांचा ग्रुप वेगळा, आणि फक्त सूचनांचा वेगळा, ज्यात ॲडमिनच लिहितात. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही आणि तुम्हाला मात्र वाटतं की कळवून झालं.

व्हॉट्सॲपवर नसलेल्यांसाठी ईमेल. पत्ते 'बीसीसी'त टाका. 'टू'मध्ये टाकले की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांकडे जातात. साध्या जीमेलवरून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच मेल जातो, मोठ्या बॅचला दोन दिवसांत विभागून पाठवा. परत आलेल्या मेलची नोंद त्याच दिवशी तक्त्यात करा.

फोन-ईमेल दोन्ही न वापरणारे काही जण असतातच. त्यांच्यापुढे तक्त्यात 'दुवा' म्हणून एका वर्गमित्राचं नाव लिहा, आणि त्या दुव्याला कळू द्या की तो दुवा आहे.

मेळाव्याआधी दर दोन महिन्यांनी एक सूचना पुरते. त्यात तारीख, नोंदणीचा दुवा आणि 'शोध चालू'मधली पाच-सहा नावं असावीत. त्या पाच-सहा नावांत 'ऐकीव'मधलं एकही नाव घालू नका. लगेच खाली कुणीतरी लिहितं, "अरे, तो तर गेला ना!"

१०. मेळाव्याच्या दिवशी

श्रद्धांजलीची जागा कार्यक्रमाच्या सुरुवातीला, स्वागतानंतर लगेच. जेवणाआधी ठेवली तर लोक पांगलेले असतात, गाण्यांनंतर ठेवली तर सूर बसत नाही. एका नावाला थांब्यासकट आठ सेकंद धरा, म्हणजे तीस नावांना चार मिनिटं. वाचणारा एकच, आणि त्याने नावं आदल्या दिवशी मोठ्याने वाचलेली असावीत, विशेषतः लग्नानंतरची आडनावं आणि इतर भाषांतली नावं. वाचताना गहिवरून येईल म्हणून दुसऱ्या माणसाच्या हातात तोच कागद द्या. तो कुठून पुढे वाचायचं ते ओळीवर बोट ठेवून बघत राहील. एक मिनिट स्तब्धता घड्याळ लावून पाळा. अंदाजाने पाळली की ती हमखास अर्ध्यावर संपते.

पडद्यावर दाखवायची फाइल पीडीएफ करून न्या. हॉलमधल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात, आणि ती फुटतात नेमकी नावांत.

दोन दिवस आधी यादी शेवटची तपासा. मधल्या काळात कुणी गेलं असेल तर ते नाव छापील फलकावर नसेल, म्हणून फलकावर खाली दोन-तीन नावांची जागा कोरी सोडा आणि वाचनाच्या कागदावर ते नाव हाताने घाला. अगदी ताजी बातमी असेल तर आधी घरी विचारा. त्यांची तयारी नसेल तर या वेळी नाव घेऊ नका.

घरचे येणार असतील तर एक वर्गमित्र पूर्ण वेळ त्यांच्यासोबत असू द्या. त्यांना पहिल्या रांगेत नको, बाजूला, उठून बाहेर जाता येईल अशा जागी बसवा. स्टेजवर बोलायला अचानक बोलावू नका. बोलणार का, हे आधी विचारलेलं असावं, आणि आयत्या वेळी नको म्हणायची मुभाही असावी.

"अमुक राहिला!" असं सभागृहातून कुणी म्हणालं तर स्टेजवरून लगेच ते नाव घेऊ नका. "नोंद घेतो, भेटून बोलू," एवढं म्हणून पुढे चला. दाराशी टेबलावर एक वही ठेवा. त्यात नाव, माहिती कुणी दिली आणि फोन नंबर असे तीनच रकाने.

११. नंतरच्या आठवड्यात

ज्या घरांशी बोलणं झालं त्या प्रत्येक घरी छापील पान आणि फोटोची फाइल पाठवा. घेतलेले मूळ फोटो परत करा आणि परत केल्याची तारीख लिहा. वहीतली नवी नावं 'ऐकीव'मध्ये चढवा.

तक्ता एकाच माणसाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नका. निदान दोघांकडे मालकी हक्क असावा आणि दरवर्षी एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून तिसऱ्याकडे द्यावी. सर्वांना उघडता येईल असा दुवा मेळाव्यासाठी चालू केला असेल तर तो बंद करा. त्यात फोन नंबर आहेत. पुढची तपासणी वर्षातून एकदा, ठरावीक महिन्यात: सगळे नंबर लावून बघायचे, बदललेले नोंदवायचे, आणि 'निरोप पोचला'मधल्यांना फक्त ख्यालीखुशालीचा एक फोन.